निष्कासनाची नियमावली

इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली तेव्हा संगणकावर नवे सॉफ्टवेअर चढविणे कष्टाचे असले तरी साध्य होते; परंतु चढविलेले समूळ उतरविणे बहुधा दैवाधीन असे, कारण त्याच्या फायली कोठे कोठे विखुरल्या याचे दप्तर सहसा कोणी ठेवीत नसे. डेबियनमध्ये ते दप्तर 'डीपीकेजी'ने ठेविले. मर्डॉक यांनी आरंभिलेल्या या प्रोग्रामचा मुख्य भाग इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिला.

तथापि यादीबरहुकूम फायली पुसल्या म्हणजे काम संपले असे होत नाही. चालू सेवा थांबविणे, मागाहून साचलेले लॉग काढणे, ही यादीबाहेरची कामे पॅकेजकर्त्याच्या स्क्रिप्टकडे आली : फायली जाण्यापूर्वी 'प्रीआरएम', गेल्यानंतर 'पोस्टआरएम'. 'रिमूव्ह' म्हटले तर सेटिंग्जच्या फायली मागे राहतात, 'पर्ज' म्हटले तर त्याही जातात. आणि त्या अखेरच्या क्षणी पोस्टआरएमने ज्यांचा आधार घ्यावा ती इतर पॅकेजेस आधीच रवाना झालेली असू शकतात.

खरी अडचण खंडित कामाची. स्क्रिप्टच्या शिरोभागी 'सेट -ई', म्हणजे एकही आज्ञा फसली तर तेथेच थांबण्याचा हुकूम, असेल, पहिल्या ओळीने लॉग पुसला असेल आणि दुसऱ्या ओळीआधी वीज गेली असेल, तर पुन्हा चालविताना साधा 'आरएम' पहिल्याच ओळीवर 'अशी फाइल नाही' म्हणून अडून बसतो, दुसऱ्या ओळीची पाळी कधीच येत नाही, आणि पॅकेज धड आत ना धड बाहेर अशा त्रिशंकू अवस्थेत लोंबकळत राहते. मग त्रस्त व्यवस्थापक डीपीकेजीच्या दप्तरात शिरून स्क्रिप्टच्या माथ्यावर 'एक्झिट ०' लिहितात आणि कशीबशी सुटका करून घेतात.

म्हणूनच अशा स्क्रिप्ट पुनःपुन्हा चालविल्या तरी निर्धोक असल्या पाहिजेत, असे बंधन डेबियनच्या धोरणपुस्तिकेने घातले. 'आरएम -एफ' फाइल नसण्याला अपयश मानीत नाही, मात्र फाइल असूनही पुसता आली नाही तर तसे कळविते. आळशी लेखक त्याऐवजी प्रत्येक आज्ञेच्या अखेरीस 'ट्रू' जोडून खऱ्या दोषावरही पडदा टाकतात, आणि तो रोगापेक्षा इलाज भयंकर होय. लार्स विर्झेनियस यांच्या 'पियुपार्ट्स'ने पुढे पॅकेज चढवून, पर्ज करून, मागे काय उरले याची झडती घेण्याची सोय केली. तरीही पॅकेज बांधणाऱ्या वाचकाने आपली स्क्रिप्ट एकदा मध्येच तोडून पुन्हा चालवून पाहावी.