कुटुंब-सहभागी नवजात सेवा

अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा आजारी बाळ रुग्णालयाच्या नवजात कक्षात असताना आईवडिलांना त्याच्या शुश्रूषेत सामील करून घेण्याची पद्धत. बोलण्यात अशा बाळाला ‘पेटीत ठेवलंय’ म्हणतात. जिल्हा रुग्णालयांतील या कक्षाला एसएनसीयू, तर मोठ्या रुग्णालयांतील कक्षाला एनआयसीयू म्हणतात.

जंतुसंसर्गाच्या भीतीने पालकांना कक्षाबाहेर ठेवण्याची प्रथा अनेक दशके होती. आईने काचेतून बाळ पाहायचे, वडिलांनी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावायचे, एवढेच त्यांच्या वाट्याला येई. एस्टोनियातील टालिन येथे डॉ. अदिक लेविन यांनी १९७९मध्ये ही घडी मोडली. परिचारिका अपुऱ्या होत्या, म्हणून आयांना चोवीस तास बाळाजवळ ठेवून बरीचशी शुश्रूषा त्यांच्यावर सोपवण्यात आली. त्याआधी वर्षभर, १९७८मध्ये, कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी पेट्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून आईच्या छातीशी बाळ ठेवायला सुरुवात केली होती. तीच आजची ‘कांगारू मातृसेवा’.

भारतात दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने पालकांना कक्षात घेण्याचा मार्ग रुळवला. तेथील तौलनिक अभ्यासात पालक आत आल्याने संसर्ग वाढला नाही. उलट घरी जाताना निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण जास्त आढळले. केंद्र सरकारने २०१७मध्ये या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार पालकांना टप्प्याटप्प्याने शिकवतात: हात धुणे व कक्षातील शिस्त, दूध काढणे व पाजणे, कांगारू सेवा आणि शेवटी घरची काळजी.

कांगारू सेवेत टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे निजवतात. मान एका बाजूला, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापडाचा पट्टा. रोज किमान ८ तास, शक्य तेवढे जास्त, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वडील, आजी, मावशी कोणीही पाळी घेऊ शकते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत व आफ्रिकेतील ५ रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच ही सेवा दिली. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई कक्षातच राहावी म्हणून तिची खाट तेथे टाकावी लागली. आपल्याकडे खरा अडसर जागेचाच आहे. सिझेरियन झालेली आई तालुक्याच्या गावी आणि बाळ जिल्ह्याला, अशी ताटातूट सर्रास होते.

पालकांच्या मनाकडे मात्र अजून फार कमी लक्ष जाते. ‘माझंच काही चुकलं का?’ हा प्रश्न आईला पोखरत असतो. त्यात पान्हा कमी आला की घरचे तिलाच बोल लावतात. तिला दोष देणे हा अन्यायच आहे. दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहिल्यास ते वाढते. तोवर मातृदुग्धपेढीचा आधार घेता येतो. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये सुरू केली. डॉक्टरांनी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो आईवडील दोघांना समोर बसवून, साध्या मराठीत बाळाची स्थिती सांगावी. नातेवाइकांनी फोनवर ‘वजन किती झालं?’ विचारत बसण्यापेक्षा डबा पोचवावा, थोरल्या मुलाला सांभाळावे, रात्रीची पाळी घ्यावी. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल तर आईला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात संकोच नको.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण बाळ वर्षाचे होईपर्यंत मोफत आहे. पैसे मागितले गेल्यास पालकांनी या योजनेचे नाव घेऊन नकार द्यावा.