कवि वखारींत

फ्रेंच कवि आर्थर रँबो ह्यानें विशीच्या सुमारास लेखणी खालीं ठेविली आणि पुढें व्यापार पत्करला, ह्याचें त्याच्या चाहत्यांस फार वाईट वाटलें. १८७९ सालीं बालमित्र दलाए ह्यानें वाङ्मयाविषयीं पृच्छा केली असतां, त्या गोष्टींत आपण आतां लक्ष घालीत नाहीं, एवढेंच उत्तर मिळालें. पुढच्याच वर्षीं स्वारी एडनला कॉफीच्या वखारींत नोकरीस लागली (त्या काळीं एडनचा कारभार मुंबई सरकारकडे असे) व तेथून आफ्रिकेंत हरारला गेली. १८८६ सालीं पॅरिसांत व्हर्लेनच्या प्रस्तावनेसह त्याचीं गद्यकाव्यें प्रसिद्ध झालीं, तेव्हां हा गृहस्थ शोआचा राजा मेनेलिक ह्यास बंदुका पोंचविण्याच्या खटपटींत होता! मेनेलिकनें पुढें भाव पाडला, तो भाग निराळा.

मित्रांची हळहळ आम्ही समजूं शकतों. परंतु व्यापारानें कवीचा बळी घेतला, हें आम्हांस पटत नाहीं. वखारीची पायरी चढण्यापूर्वीं निदान चार-पांच वर्षें त्याची कविता थांबलेली होती. घरीं लिहिलेल्या पत्रांत तो कॅमेरा मागवितो, धातुकामाचीं व सुतारकामाचीं पुस्तकें मागवितो. १८९१ सालीं मार्सेयला तो वारला. १८७३ सालीं त्यानें स्वतः छापविलेल्या पुस्तकाच्या बहुतेक प्रती तेव्हांहि ब्रसेल्सच्या मुद्रकाकडे पडून होत्या. छपाईचे पैसे चुकते झाले नव्हते.