ऑनलाइन प्रशिक्षण प्रणालीतील प्रवेशाधिकार

ऑनलाइन प्रशिक्षण प्रणालीतील प्रवेशाधिकार म्हणजे कोणत्या वापरकर्त्याने काय पाहावे, काय बदलावे आणि कोणाच्या नोंदी हाताळाव्यात हे ठरविणारी व्यवस्था होय. ती भूमिका, पातळी आणि गट या तीन घटकांवर उभी असते. काय करता येईल हे भूमिकेवरून, कोठे करता येईल हे पातळीवरून आणि कोणाच्या बाबतीत करता येईल हे गटावरून ठरते.

पार्श्वभूमी

प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणक सुरक्षेच्या संदर्भात मांडले. व्यक्तीऐवजी भूमिकेस अधिकार देण्याचे प्रारूप डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडविलेली मूडल ही मुक्तस्रोत प्रणाली २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. २००६ च्या १.७ या आवृत्तीपासून तीत भूमिका हव्या तशा बदलता येऊ लागल्या.

पातळी आणि वारसा

मूडलमध्ये संपूर्ण संकेतस्थळ, प्रवर्ग, अभ्यासक्रम आणि उपक्रम अशा एकाखाली एक पातळ्या असतात. वरच्या पातळीवर दिलेला अधिकार खाली उतरतो. ही रचना वन विभागाच्या प्रशासकीय उतरंडीशी बरीच जुळते. गडचिरोली वनवृत्तात गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड व सिरोंचा, तर चंद्रपूर वनवृत्तात चंद्रपूर, ब्रह्मपुरी व मध्य चांदा हे विभाग येतात. विभागाखाली परिक्षेत्र, क्षेत्र आणि शेवटी वनरक्षकाचे नियतक्षेत्र. प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र प्रवर्ग केल्यास आलापल्लीच्या प्रशिक्षण समन्वयकास केवळ त्याच प्रवर्गात व्यवस्थापकाची भूमिका देता येते. वणवा प्रतिबंधासारखा अभ्यासक्रम सर्व विभागांस सामाईक असेल, तर मात्र प्रवर्ग पुरत नाही. तेथे विभागवार गट करावे लागतात.

एका व्यक्तीस दोन भूमिका असून एकीत परवानगी व दुसरीत प्रतिबंध असेल, तर परवानगी ग्राह्य धरली जाते. ‘संपूर्ण मनाई’ ही नोंद मात्र इतर सर्व नोंदींवर मात करते आणि खालच्या पातळीवर ती उठविता येत नाही. म्हणून ती क्वचितच वापरावी.

गट

‘स्वतंत्र गट’ ही रीत निवडल्यास प्रशिक्षणार्थ्यास चर्चेत फक्त स्वतःच्या गटातील सदस्य दिसतात. संपादनाचा अधिकार असलेल्या शिक्षकास मूळ मांडणीत सर्व गट दिसतात, संपादनाचा अधिकार नसलेल्यास केवळ स्वतःचे. गट पाडले म्हणजे साहित्यही आपोआप झाकले गेले, हा समज सर्रास आढळतो व तो चुकीचा आहे. फाइल विशिष्ट गटापुरती ठेवावयाची असल्यास त्या फाइलवर प्रवेशाची अट वेगळी घालावी लागते.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात हा भेद महत्त्वाचा ठरतो. मानव-वन्यजीव संघर्षावरील एकाच अभ्यासक्रमात वनरक्षक आणि गावांतील प्राथमिक प्रतिसाद दलाचे सदस्य असू शकतात. खबरदारीचे धडे दोघांनाही हवेत. कॅमेरा सापळ्यांची ठिकाणे वा वाघिणीच्या वावराचे नकाशे मात्र सर्वांपुढे आल्यास शिकाऱ्यांच्या हाती पडण्याचा धोका असतो. संपर्कजाळे विरळ असलेल्या भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत साहित्य भ्रमणध्वनीवर उतरवून घेणे सोयीचे असते, पण एकदा उतरविलेली फाइल नंतर अधिकार काढून परत मिळत नाही.

बदली व निवृत्ती

कर्मचारी बदलून गेला तरी जुने अधिकार शिल्लक राहणे हा या व्यवस्थेतील सर्वांत सामान्य दोष होय. मूडलमध्ये ‘कोहॉर्ट’ या संकेतस्थळव्यापी समूहाशी प्रवेश जोडल्यास समूहातून नाव काढताच अभ्यासक्रमातील प्रवेशही संपतो. मात्र नावनोंदणी रद्द करावी की केवळ स्थगित ठेवावी, हे प्रशासकाने आधी निश्चित करावे लागते. रद्द केल्यास गुणपत्रकातून त्या व्यक्तीचे गुण दिसेनासे होतात.

दीक्षा

शालेय शिक्षकांसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच सनबर्ड या मुक्तस्रोत प्रणालीवर आधारित आहे. त्यावर ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन घेण्यात आले. येथे आशय तयार करणारा व तो तपासून प्रकाशित करणारा या भूमिका वेगळ्या आहेत. अभ्यासक्रमाची तुकडी मार्गदर्शक उघडतो. ती सर्वांसाठी खुली किंवा निमंत्रितांपुरती ठेवता येते.