योआखिम्सथालचा थालर व मुंबईची टांकसाळ

बोहेमियाच्या एर्झगेबिर्ग डोंगरांत इ. स. १५१६ त चांदी सांपडून योआखिम्सथाल हें जर्मनभाषी खाणगांव वसलें. 'थाल' म्हणजे खोरें. तेथील श्लिक सरदारांनीं १५२० च्या सुमारास पाडलेल्या रुप्याच्या नाण्यास 'योआखिम्सथालर' म्हणूं लागले. त्याचाच संक्षेप थालर, व त्यावरूनच पुढें डॉलर. हें गांव आज चेक देशांत याखिमोव्ह नांवानें आहे.

या कुळींतील मारिया थेरेसेच्या थालराचा मुंबईशीं निकट संबंध आहे. ती महाराणी १७८० त निवर्तली. पुढें तोच सन कायम ठेवून नाणीं पडत राहिलीं. हबसाण व तांबड्या समुद्राच्या व्यापारांत त्यांची पत मोठी. महायुद्धाच्या गरजेमुळें १९४०–४१ त मुंबईच्या कोटांतील टांकसाळींतही तीं पाडण्यांत आलीं. सन मात्र १७८० च.

सबब संग्राहकांनीं केवळ सनावरून काळ व स्थळ ठरवूं नये. गरुडाच्या शेपटीचीं पिसें, राणीच्या अलंकारांतील मोतीं अशा बारीक खुणा ताडून पाहाव्या. गिरगांवांतील जुन्या पेटींत निघालेला थालर व्हिएन्नाचा नसून शेजारच्या कोटांतलाच असण्याचाही संभव आहे.