तुरीचा तास

भाद्रपदात देशावरच्या बाजरीच्या शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या परक्या माणसास तूर बहुधा दिसतच नाही. दर तीन-चार तासांआड, म्हणजे पेरणीच्या ओळींआड, एक तास तिचा असतो खरा, परंतु भोवतीची बाजरी कणसावर आलेली असता ती बिचारी गुडघ्याएवढी, कृश आणि मुकाट उभी असते, आणि बाजरीची कापणी होऊन ऊन व जागा मोकळी झाली म्हणजे मगच फांद्या पसरून पौषापर्यंत त्या साऱ्या अंतरावर आपला अंमल बसविते. सावकाश वाढणे हा तुरीच्या जुन्या वाणाचा दोष नसून तीच त्याची पात्रता होती.

ही वाटणी पाभर हे पेरणीचे अवजार करीत असे. गावच्या सुताराने दिंडात जितक्या अंतरावर फण बसविले तोच दोन तासांतील अंतराचा कायदा. फणांत बी सोडणाऱ्या नळ्यांपैकी एका नळीचे भोक चिंधीचा बोळा कोंबून बंद करावयाचे, तिचा तास रिकामा चालवावयाचा, आणि पाभरीमागे दोरीने बांधलेले मोघण धरून चालणाऱ्या बाईने त्या रिकाम्या तासात तुरीचे दाणे सोडावयाचे. चाड्यावर, म्हणजे नळ्यांच्या माथ्यावरील बी सोडावयाच्या वाटीवर, मूठ धरणारी बाई निराळी. तासाने पेरण्याची कला युरोपने आपणांस शिकविली असे मानणाऱ्यांनी कॅप्टन हॅलकॉट नामक इंग्रज अधिकाऱ्याचे उदाहरण लक्षात घ्यावे. पाभर ही विलायतेची अलीकडची कल्पना असा समज बाळगून आलेल्या या गृहस्थाने दक्षिण हिंदुस्थानातील रयतेची पाभर पाहिली आणि तिचे वर्णन मुद्दाम लंडनच्या कृषिमंडळाकडे धाडले. ते 1797 मध्ये छापले गेले.

महसुलाच्या दप्तरास मात्र ही चोरून वाढणारी तूर अडचणीची वाटे, कारण एकाच जमिनीवर दोन पिके असता क्षेत्र कोणाच्या नावे मांडावयाचे? गाव नमुना बारा या पिकांच्या नोंदवहीत मिश्र पिकांची नोंद वेगळी असते ती याच पेचापायी.

विज्ञानाने प्रथम तुरीस बाजूला काढून एकटीच तपासली. पुसा येथील संशोधक बटलर यांनी 1910 मध्ये तिच्या मर रोगाच्या बुरशीचे वर्णन केले; ज्वारीच्या सोबतीत असलेल्या तुरीस हा रोग कमी लागतो, हे पुढे प्रयोगांनी दाखविले. 1972 मध्ये पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संशोधनसंस्थेने महाराष्ट्रातल्याच एका गावठी वाणातून निवड करून मर रोगास दाद न देणारी ‘मारुती’ जात काढली आणि ती 1986 मध्ये प्रसारित झाली. त्याच वर्षीची ‘प्रगती’ ही ठेंगणी, सुमारे चार महिन्यांत पिकणारी जात मात्र अगदी निराळ्या स्वभावाची. तिच्याजवळ फांद्या पसरून रिकामी जागा भरण्यास अवकाशच नाही, म्हणून 30 सेंटिमीटरच्या तासात दर 10 सेंटिमीटरवर रोप ठेवून हेक्टरी 3,33,333 रोपांची दाटी करावी लागते. हीच दाटी जुन्या पसरट तुरीवर लादली तर सावलीने खालची पाने गळतात, झाड उंच होऊन शेंगा शेंड्याशीच लागतात, आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळी जमिनीतली ओल आटून गेलेली असते; तिला 90 बाय 20 सेंटिमीटरची, म्हणजे हेक्टरी 55,555 रोपांची ऐसपैस वस्तीच मानवते. उत्पन्नातील अमुक वाटा वाणाचा नि तमुक अंतराचा असा हिशेब मागणाऱ्यांविषयी मला म्हणूनच थोडे नवल वाटते.

मर आणि वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारी ‘आशा’ 1993 मध्ये आली, ती पुन्हा मध्यम मुदतीची आणि फांद्यांची. मराठवाड्यात व विदर्भात आता बाजरी-ज्वारीच्या जागी सोयाबीन आहे. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राच्या पेटीत एका नळीपुरता कप्पा अडवून शेतकरी त्यात तूर ओततो, आणि आडोसा नीट बसला नाही तर तिथेही चिंधीचा बोळाच कोंबतो.