कर्झनच्या घरी

किल्ला म्हटला की आधी माणसाला धाप लागली पाहिजे, असा माझा लहानपणापासूनचा समज. रायगड घ्या, तोरणा घ्या, अर्ध्या वाटेत बसकण मारून "अजून किती राहिलं हो?" असं विचारावं आणि उतरणाऱ्या कुणीतरी "हे काय, आलंच" अशी बिनदिक्कत थाप मारावी, याखेरीज किल्ला बघितल्याचं पुण्य पदरी पडत नाही. त्यामुळे इंग्लंडात ससेक्स परगण्यातल्या एका कुरणाशेजारी गाडी उभी करून भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, उतरा. किल्ला आला," तेव्हा मी सवयीने मान वर करून डोंगर शोधू लागलो.

"वर काय बघताय? समोर बघा," ही म्हणाली.

समोर एक तळं होतं आणि तळ्याच्या मधोमध बोडियमचा किल्ला. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, वर कंगोरे, खाली पाण्यात त्याचंच उलटं प्रतिबिंब. दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो आणि शेजारी परातीत पाणी भरून तळं करायचो, त्याची आठवण झाली. मावळे तेवढे नव्हते. त्यांच्या जागी बदकं होती.

सर एडवर्ड डॅलिंग्रिज नावाच्या सरदाराने १३८५ साली दुसऱ्या रिचर्ड राजाची परवानगी काढून हा किल्ला बांधला. परवानगी काढून! फ्रेंच चाल करून येतील, हे कारण अर्जात दिलं होतं. हा गृहस्थ तरुणपणी स्वतःच फ्रान्समध्ये लढाया मारून गबर झाला होता, त्यामुळे फ्रेंचांना त्याच्या घरी यावंसं वाटणं स्वाभाविक होतं. पण हा किल्ला लढण्यासाठी होता की नुसता पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी, यावर तिकडचे इतिहासकार अजून भांडतात. भाच्याने माहिती पुरवली की, किल्ल्यात एकूण अठ्ठावीस शौचकूप होते आणि सगळे थेट खंदकात उघडत.

"मग शत्रू नाक दाबूनच आला असेल," ही म्हणाली. तटबंदीच्या शास्त्रात ही बाजू कुणी विचारात घेतली आहे की नाही कोण जाणे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कळलं की, मोडकळीला आलेला हा किल्ला १९१७ साली लॉर्ड कर्झनने विकत घेतला, त्याची डागडुजी केली आणि १९२५ मध्ये मरताना नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला.

"कुठला कर्झन? आपला?" मी विचारलं.

'आपला' हा शब्द तोंडून गेला आणि माझा मीच दचकलो. शाळेत आम्हाला कर्झनने एकच गोष्ट केलेली ठाऊक होती: १९०५ सालची बंगालची फाळणी. तिची कारणे व परिणाम लिहा, गुण दहा. शिक्षक त्याचं नाव असं उच्चारत की तो मागच्या बाकावर बसून खोड्या करत असावा. त्याला किल्ल्यांचं प्रेम असेल, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. लिंकनशरमधला टॅटरशॉलचा किल्ला त्याने १९११ साली असाच विकत घेतला. त्या किल्ल्यातल्या जुन्या कोरीव शेकोट्या उखडून विकल्या गेल्या होत्या. याने त्यांचा माग काढून त्या परत आणून बसवल्या. त्यानंतर १९१३ साली इंग्लंडात प्राचीन वास्तू जपण्याचा कडक कायदा झाला, त्यामागेही हाच. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९०४ साली, हिंदुस्थानात तसा कायदा त्यानेच करून ठेवला होता. म्हणजे साहेबांनी आधी आमच्या घरी झाडू मारला आणि मग स्वतःच्या.

आता कर्झनचं घर बघणं आलंच. ते डर्बीशरमध्ये, नाव केडलस्टन हॉल. वाटेत चॅट्सवर्थ लागलं. तो ड्यूकांचा वाडा. दहाव्या ड्यूकने मृत्युकर चुकवण्यासाठी इस्टेट मुलाच्या नावे केली होती, पण कायद्याप्रमाणे त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. ड्यूक १९५० साली काही आठवडे आधीच गेला. ऐंशी टक्के कर! हार्डविकचा वाडा सरकारला देऊन टाकावा लागला, चित्रं गेली, जमिनी गेल्या. लॉंगलीटच्या लॉर्डने तर १९४९ सालीच तिकीट लावून घर लोकांना उघडलं आणि १९६६ मध्ये आवारात सिंह आणून सोडले. आमच्याकडे वाड्यांत भाडेकरू ठेवत. सिंह निदान जागा रिकामी करून द्यायला नकार देत नाहीत.

केडलस्टन पाहून मात्र मी गप्प झालो. रॉबर्ट ॲडमच्या हातचं अठराव्या शतकातलं काम. आत अलाबास्टरच्या खांबांचं दालन. पण गंमत पुढेच आहे. कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाउस १८०३ साली पुरं झालं, ते याच घराच्या नमुन्यावर. बांधून घेणारा वेलस्ली. त्याच साली त्याने मराठ्यांशी युद्धही आरंभलं. बांधणं आणि पाडणं दोन्ही खाती त्याच्याकडे. पुढे १८५९ साली केडलस्टनमध्ये कर्झन जन्मला आणि १८९९ साली व्हाइसरॉय होऊन सात समुद्र ओलांडून पोचला कुठे, तर घरीच.

तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. हस्तिदंत, चांदी, हत्यारं. यातलं भेट किती, विकत किती आणि 'भेट द्यावीच लागली' असं किती, हा हिशेब मनातल्या मनात सुरू झाला. मग काचेआड लेडी कर्झनचा मोरपिसांचा पोशाख दिसला. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी नाचाला घातलेला. जर दिल्लीतल्या कारागिरांचा, शिवण पॅरिसची, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंग्याचा पंख. वजन साडेचार किलोच्या आसपास.

ही बराच वेळ बघत राहिली. "शालू परवडला," एवढंच म्हणाली. मग हळूच, "भरणाऱ्यांचे डोळे गेले असतील हो."

मी तोवर दुसऱ्याच विचारात होतो. नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला १८९५ साली. त्याच वर्षी टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागायला सुरुवात केली. दोन्हीकडे एकाच साली पडक्या भिंतींचा कळवळा दाटून आला. पण समाधीच्या त्या दगडांवर झाडं उगवली होती ती कुणाच्या राज्यात, हे कर्झनला विचारायचं राहून गेलं. शेजारच्याच चर्चमध्ये तो बायकोशेजारी संगमरवरात आडवा आहे. त्याला उठवणं बरं दिसलं नसतं.

या वाड्यांत खुर्च्या पुष्कळ, पण बसू नये म्हणून प्रत्येकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं. पाटी नाही, दटावणी नाही; बसाल तर तुमचं तुम्हाला कळेल. माझे गुडघे तर रायगड चढल्यासारखे बोलू लागलेले. दालनात एक पांढऱ्या केसांच्या आजीबाई माहिती सांगायला बसल्या होत्या, बिनपगारी, हौसेने. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि आपली खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "कुठून आलात?" मी सांगितलं. "अरे वा! म्हणजे हे सगळं तुम्हाला ओळखीचंच," त्या म्हणाल्या.

"थोडंफार," मी म्हटलं, आणि कर्झनच्या घरी ऐसपैस टेकलो.

"अहो, उठा," ही कुजबुजली. "त्या बाई उभ्या आहेत."