मेल्व्हिनियाचं नाव

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या पत्नी मिशेल ओबामा आपल्याला माहीत आहेत. आज ऐकू या त्यांच्या खापरपणजोबांच्या जन्माची आणि त्या बाळाच्या आईची गोष्ट.

आईचं नाव मेल्व्हिनिया. जन्म १८४४च्या सुमाराचा, साउथ कॅरोलायना राज्यातला, गुलामीतला. १८५० साली तिच्या म्हाताऱ्या मालकानं मृत्युपत्र केलं. चरखे, विळे, गुरंढोरं वाटली, तशी ही सहा वर्षांची पोरही वाटली. पुढे तिची किंमत लावली, ४७५ डॉलर. मालक वारल्यावर तिला जॉर्जिया राज्यात त्याच्या लेकीच्या घरी पाठवलं. ओळखीची माणसं मागं राहिली.

तिथली जमीन मूळची क्रीक आदिवासींची. १८२१च्या करारानं ती घेतली आणि सोडत काढून गोऱ्यांना वाटली. त्या जमिनीवर राबायला गुलाम आणले.

१८५९च्या सुमारास, पंधराएक वर्षांची असताना, मेल्व्हिनियाला मुलगा झाला. त्याचं नाव डॉल्फस. बाप गोरा, तो मालकाच्याच घराण्यातला होता, असं वंशजांच्या डीएनए चाचणीतून पुढे दिसलं. गुलाम बाईला नकार द्यायचा हक्कच नव्हता. कायदा म्हणे, आई गुलाम तर मूलही गुलाम. म्हणजे तिचं बाळंतपण झालं आणि मालमत्ता वाढली मालकाची.

१८६०च्या शिरगणतीत गुलामांच्या यादीत मालकाचं नाव असे. गुलामांचं फक्त वय, रंग आणि बाई की पुरुष एवढंच.

१८६१ला यादवी युद्ध पेटलं. १८६४ला त्यांच्याच क्लेटन जिल्ह्यात जोन्सबरोची लढाई झाली. १८६५ला गुलामी संपली. १८७०च्या शिरगणतीत मेल्व्हिनिया नावानिशी आली. पदरी चार मुलं, काम शेतमजुरी. डॉल्फस पुढे सुतार झाला, बर्मिंगहॅम शहरात त्यानं स्वतःचं घर केलं.

मेल्व्हिनिया १९३८ साली वारली. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘माहीत नाही’.

मैत्रिणींनो, तिला विचारून लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आपल्या घरात म्हाताऱ्या अजून आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आई, आजी, पणजीचं नाव आणि त्यांचं माहेर विचारून वहीत लिहून आणायचं. सासूबाईंच्या बाजूचंही विसरू नका.